आकाइतीचे एकोणीस दिवस

आमच्या बेटावरच्या एकुलत्या एक थिएटरात सिनेमा सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी कुणी आलं, तर त्याला आत जाता येत नसे. मग तो पाद्री असो, नाहीतर मंत्र्याचा मेहुणा. दारात आकाइती उभी असायची. हातात बॅटरी, डोक्यावर फुलांचा मुकुट आणि कपाळावर कायमची आठी.

"घड्याळ विकून खाल्लंस का?" ती विचारायची. "जा घरी. उद्या ये, आणि निघताना जरा लवकर निघ."

सव्वीस वर्षं ती हेच काम करत होती. तिकीट फाडायचं, अर्धा तुकडा परत द्यायचा, अंधारात बॅटरीने खुर्ची दाखवायची आणि मग दाराला पाठ टेकून उभ्यानेच सिनेमा बघायचा. मॅनेजर तुताई हा अडीच माणसांच्या मापाचा गडी. तो तिला रोज म्हणायचा, "अगं, बस की जरा. खुर्च्या काय भाड्याने आणल्यात?"

"बसले तर डुलकी लागेल," आकाइती म्हणायची, "आणि मला डुलकी लागली की तू तुझ्या सगळ्या मेहुण्यांना फुकट आत सोडशील."

सिनेमा बघताना ती पडद्यावरच्या माणसांशीही बोलायची. "अगं बये, खोटं बोलतोय तो! कळत नाही तुला?" लोक हसायचे. काही जण तर सिनेमापेक्षा आकाइतीला ऐकायलाच यायचे. बाहेरच्या जगाबद्दल तिला जे काही ठाऊक होतं ते या दारात उभं राहून शिकलेलं होतं. कोर्ट कसं असतं, बर्फ कसा पडतो, श्रीमंत माणसं कशी रडतात, आणि मोठा आजार झाला की माणसाचं काय होतं. सिनेमातल्या आजारी माणसांचे केस जायचे. मग शेवटच्या दहा मिनिटांत ती गोड हसून मरायची.

घरी ती आणि वाका, दोघंच. नवरा केव्हाच ऑकलंडला गाड्यांच्या कारखान्यात गेला आणि तिथेच दुसरीचा झाला. मुलगी मोएरोआ. तिला एकोणिसाव्या वर्षी मुलगा झाला, आणि पहिलं नातवंड आजीने वाढवायचं या आमच्या रिवाजाप्रमाणे तो आकाइतीच्या मांडीवर आला. यात कुणी कुणाला विचारत नाही. दोन महिन्यांत मोएरोआही ऑकलंडला गेली आणि एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करू लागली. वाका आकाइतीला 'आई' म्हणायचा आणि फोनवरच्या बाईला 'मोए'. मोएरोआला त्याचं कधी काही वाटलं असेल, तरी ती बोलली नाही.

वाकाचे केस हा आकाइतीचा जीव की प्राण. आमच्याकडे मुलाचं जावळ पहिल्या वर्षी काढत नाहीत. केस वाढू देतात, वर्षानुवर्षं. मग एक दिवस ठरवून, सगळे नातेवाईक बोलावून, केसांच्या बटा रिबिनींनी बांधतात आणि एकेकाचं नाव पुकारून एकेकाच्या हातात कात्री देतात. ज्याने जी बट कापली ती त्याची. वाका सात वर्षांचा झाला तेव्हा त्याचे केस कमरेखाली पोचले होते. आकाइती रोज सकाळी खोबरेल तेल लावून ते विंचरायची, वेणी घालायची आणि शाळेत धाडायची. पोरगं विंचरताना ओरडायचं. "आई, दुखतंय गं!"

"दुखू दे. तुझ्या लग्नात सुनेला सांगेन, किती रडका होतास ते."

सोहळ्याची तारीख एक वर्ष आधी ठरली होती. सिडनीहून, ऑकलंडहून, बाहेरच्या बेटांवरून माणसं येणार होती. विमानाची तिकिटं निघाली, चार डुकरं खाऊन खाऊन लठ्ठ झाली. आकाइती दोन वर्षं एक गोधडी शिवत होती, लाल जास्वंदीच्या नक्षीची. वाकाच्या खुर्चीवर ती अंथरायची होती. मोएरोआ तर सात वर्षांनी घरी येणार होती.

आणि एका मंगळवारी वाका शाळेतून येताना रस्त्यातच बसला. म्हणाला, पाय दुखतात, उचलून घे. सात वर्षांचा घोडा उचलून घे म्हणतो म्हणून आकाइती आधी रागावली. मग तिने त्याचा शर्ट काढला तर दंडांवर, पाठीवर काळेनिळे डाग. पोराला कुणी मारलं म्हणून ती शाळेत भांडायला गेली. कुणीच मारलं नव्हतं.

गावच्या दवाखान्यात फिजीहून तात्पुरती आलेली एक नर्स होती. तिने रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आकाइतीला बोलावून एक चिठ्ठी हातात दिली. नर्सने आढेवेढे घेतले नाहीत. "आजी, आजच्या आज मोठ्या इस्पितळात जा. रक्त चांगलं नाही. बहुतेक ह्याच आठवड्यात ऑकलंडला न्यावं लागेल."

"काय झालंय?"

"ते तिथले डॉक्टर सांगतील."

"मोठा आजार आहे का?"

नर्सने चिठ्ठीवर पुन्हा बोट ठेवलं. आकाइतीला काय समजायचं ते समजलं. तिच्या डोळ्यांपुढे सगळे सिनेमे एकदम उभे राहिले. पांढरी उशी, तिच्यावर गळलेले केस, आणि सकाळी कुणी परकी बाई येऊन ते झाडून कचऱ्यात टाकते. सात वर्षं विंचरलेले केस.

सोहळ्याला एकोणीस दिवस होते.

घरी येऊन तिने चिठ्ठी पेटीत ठेवली, गोधडीच्या खाली. ती दुष्ट नव्हती आणि अडाणीही नव्हती. तिने स्वतःशी हिशेब घातला, की आजार काय कालचा नाही, एकोणीस दिवसांत असं काय बिघडणार? केस मानाने कापून होऊ देत, सगळ्यांचे आशीर्वाद डोक्यावर पडू देत, मग हवं तिथे नेऊ. आमच्यातल्या कुठल्याही आजीने असाच विचार केला असता, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि आमच्यातलीच आजी तो करते, म्हणून मला तिचा राग येतो, अजून येतो.

पाचव्या दिवशी नर्स स्कूटरवरून घरी आली. वाका आत झोपला होता. आकाइती दारात उभी राहिली, थिएटरात उभी राहते तशीच.

"पोरगा मंगाइया बेटावर गेलाय मामाबरोबर," ती म्हणाली. "आला की आणते."

नर्सने बजावलं, पुन्हा पुन्हा बजावलं. पुढच्या आठवड्यात तिची मुदत संपली आणि ती फिजीला परत गेली. आता ती चिठ्ठी बेटावर एकट्या आकाइतीलाच माहीत होती.

सोहळा दृष्ट लागण्यासारखा झाला. भुईतल्या भट्टीतून डुकरं निघाली, नारळाच्या दुधातली कच्ची मासळी घमेल्यांनी संपली, ढोल दुपारपासून थांबला नाही. वाका जास्वंदीच्या गोधडीवर बसला होता. त्या उकाड्यात त्याला पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घातला होता. का घातला होता ते आकाइतीला ठाऊक. एक्केचाळीस बटा, एक्केचाळीस रिबिनी. पहिलं नाव मोएरोआचं. ती उठली, नाचत नाचत गेली, कात्री घेतली. वाका तिच्याकडे मान वर करून काहीतरी बोलला. ढोलात कुणाला ऐकू आलं नाही. ती हसली, त्याची कॉलर सारखी केली आणि पहिली बट कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोएरोआ ऑकलंडला परतली. दुपारीच आकाइती वाकाला घेऊन मोठ्या इस्पितळात गेली आणि म्हणाली, "कालपासून ताप आहे हो." चार दिवसांत पोरगं विमानात होतं. रक्ताचा कर्करोग. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा.

चौदा महिने तो ऑकलंडच्या इस्पितळात होता. उरलेसुरले केस तिसऱ्या आठवड्यात गेले आणि आकाइतीने स्वतःच्या हाताने ते उशीवरून उचलले. बोटभर लांबीचे होते. मोएरोआ रात्रपाळी करून सकाळी यायची, खुर्चीतच झोपायची. वाका शेवटपर्यंत तिला मोएच म्हणत होता. सिनेमातल्यासारखा तो हसून वगैरे गेला नाही. दुखत होतं, आणि दुखतंय म्हणून ओरडत गेला. त्याला घरी आणलं तेव्हा डोक्यावर झाकायला काहीच नव्हतं, म्हणून आकाइतीने पांढऱ्या चाफ्याचा मुकुट घातला. घराच्या अंगणातच, ओट्यापासून दहा पावलांवर त्याला ठेवलं. आता ती सकाळी उठून विंचरायच्या वेळेला कबर झाडते.

वर्षभराने जोसलिन नावाची एक गोरी बाई कॅमेरा घेऊन आली. मुलांच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेसाठी ती छोटा सिनेमा करत होती. बरोबर डॉक्टर लुसेआने होत्या, मूळच्या टोंगाच्या, ऑकलंडला वाकावर उपचार करणाऱ्यांतल्या एक. त्या ओट्यावर मांडी घालून बसल्या.

"आजी," त्या म्हणाल्या, "मोठ्या देशांतल्या मुलांवर अभ्यास करून औषधं ठरतात. आपल्या बेटांवरची मुलं त्या अभ्यासात जवळजवळ नसतातच. आणि आपली मुलं आमच्याकडे पोचतात ती उशिरा. का उशिरा, हे कुणी शोधलेलंच नाही. त्याला लोकांचं पाठबळ लागतं, म्हणून हा सिनेमा."

उशिरा हा शब्द ऐकून आकाइतीने अंगणातल्या कबरीकडे पाहिलं. कॅमेरा सुरू झाला. तीन तास ती बोलली. केसांबद्दल, खोबरेलाबद्दल, वाका अंघोळीला कसा पळायचा त्याबद्दल. आणि ऊन कलल्यावर, जोसलिनने काहीही विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "नर्सने चिठ्ठी दिली होती. मी एकोणीस दिवस पेटीत लपवून ठेवली. जावळ होऊ दे म्हणून."

जोसलिनने कॅमेरा बंद केला. डॉक्टरबाई तेव्हा शेजारच्या घरी गेल्या होत्या.

आकाइतीने हे कॅमेऱ्याला सांगितलं, पण सांगायचं होतं मोएरोआला. वर्षभर दर रविवारी फोनवर ती शब्द जुळवायची आणि दर रविवारी हवापाण्याचं बोलून फोन ठेवायची. समोरासमोर सांगायची तिची छाती नव्हती. वाटलं, सिनेमा सांगेल. सिनेमाने आपल्याला सगळं सांगितलं, तसं तिलाही सांगेल. आणि मग ती आपल्याला टाकेल. टाकू दे. मुलगी जाईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिला काही न सांगता दर रविवारी तिचा आवाज ऐकणं त्याहून जड झालं होतं.

पहिला खेळ आमच्याच थिएटरात, शनिवारी दुपारी तीनला. अख्खं बेट लोटलं. मोएरोआ आदल्या दिवशी आली. ती पहिल्या रांगेत बसली, दोन्ही बाजूंना मावश्या. आकाइती दारात, बॅटरी घेऊन.

"आज तरी आत बस," तुताई म्हणाला. त्याचे डोळे आधीच भरले होते. "तुझाच सिनेमा आहे ना."

"माझी जागा हीच आहे. तू मशीन सांभाळ."

दिवे गेले. पडद्यावर समुद्र, मग घर, मग कबर. मग ओट्यावर आकाइती स्वतः, चेहरा भिंतीएवढा. ती खोबरेलाबद्दल बोलत होती. लोक हुंदके देऊ लागले. दारातल्या आकाइतीने बॅटरी घट्ट धरली. आता येईल. पडद्यावर ऊन कललं. आता. पडद्यावरच्या आकाइतीने श्वास घेतला, आणि एकदम ढोल वाजला. कुणा भाच्याने फोनवर टिपलेला सोहळा. गोधडी, रिबिनी, पांढरा शर्ट. वाका मान वर करून बोलतो, मोएरोआ हसते, कॉलर सारखी करते, बट कापते. तिथून थेट प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक, पांढरे कोट, आणि शेवटी अक्षरं, की संशोधनाला साथ द्या.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. बायका उठून आकाइतीच्या गळ्यात पडायला लागल्या. "किती केलंस गं त्याच्यासाठी!" तिने जोसलिनला गर्दीतून हेरलं आणि दंडाला धरून कोपऱ्यात ओढलं.

"माझं बोलणं कुठाय?"

"आजी, मी खूप विचार केला," जोसलिन हळूच म्हणाली. "लोक तुम्हाला फाडून खातील. मी तुम्हाला वाचवलं."

"वाचव म्हणून कुणी सांगितलं होतं तुला?"

एवढ्यात डॉक्टर लुसेआने पुढे उभ्या राहून बोलायला लागल्या. थोडंच बोलल्या. शेवटी त्यांनी तोच प्रश्न लोकांपुढे ठेवला, आपली मुलं उशिरा का पोचतात? कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा, आम्ही ऐकायला आलो आहोत. लोक एकमेकांकडे बघू लागले. विमान महाग, कुणी म्हणालं. डॉक्टर कमी, दुसरा म्हणाला.

"मी सांगते," दारातून आवाज आला.

सगळे वळले. आकाइतीला सवय नव्हती, लोक पडद्याकडे पाठ करून तिच्याकडे बघतायत याची. तिने विझलेली बॅटरी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मी तुम्हा सगळ्यांना या दारातून घरी पाठवलंय. मी स्वतः एकोणीस दिवस उशीर केला. नर्सने चिठ्ठी दिली होती. आजच्या आज जा म्हणाली होती. मी ती पेटीत ठेवली. नर्स घरी आली तर पोरगा मंगाइयाला गेलाय म्हणून सांगितलं. तो आत झोपला होता. का, तर जावळ व्हायचं होतं. तुम्ही सगळे आलात, जेवलात, नाचलात. त्याच्या अंगभर डाग होते. म्हणून लांब बाह्यांचा शर्ट."

मोएरोआ पहिल्या रांगेतून उठली आणि सावकाश चालत दारापर्यंत आली.

"सोहळ्याच्या दिवशी तुला माहीत होतं?"

"होतं."

"मी कात्री घेतली तेव्हा?"

"तेव्हा पण."

मोएरोआ डॉक्टरबाईंकडे वळली. "हे एकोणीस दिवस नसते, तर तो जगला असता का?"

डॉक्टर लुसेआने खोटं बोलू शकल्या असत्या. हो किंवा नाही, काहीही म्हटलं असतं तरी कुणाचं तरी ओझं हलकं झालं असतं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यासारखी मुलं आम्ही पुरेशी तपासलेलीच नाहीत. खरंच माहीत नाही, मोएरोआ."

मोएरोआने आईच्या अंगावर हात टाकला नाही, शिवीही दिली नाही. ती बाजूने निघून गेली. घरातून बॅग उचलून मावशीकडे राहिली आणि सोमवारच्या विमानाने परतली. विमानतळावर आकाइती फुलांचा हार घेऊन उभी होती. तो तिच्याच हातात राहिला.

पुढचे महिने वाईट गेले. चर्चमध्ये आकाइतीच्या बाकावर बायका बसेनात. तोंडावर कुणी बोललं नाही, पण तिने फाडलेल्या तिकिटाचा तुकडा काही जण हातात न घेताच आत जायचे. गावातली एक बाई पोराच्या पायावरचे डाग बघून रडत दवाखान्यात धावली. पोरगं आंब्यावरून पडलं होतं एवढंच निघालं, आणि ती बाई उलट आकाइतीलाच येऊन बोलली, "तुझ्यामुळे माझा जीव जायची वेळ आली!" आकाइती म्हणाली, "जाऊ दे. पुन्हा डाग दिसले तरी अशीच धाव." दर रविवारी ती ऑकलंडला फोन लावायची. घंटा वाजून वाजून थांबायची.

पाच महिन्यांनी जोसलिनकडून सिनेमाची नवी प्रत आली. शाळेच्या मुलांना आणि पालकांना दाखवायची होती. तुताईने आधी एकट्याने पाहिली असावी, कारण त्या दुपारी तो आकाइतीची थट्टा न करता दारात आला आणि म्हणाला, "आज तू आत बस." पहिल्यांदाच त्याने हुकूम केला. ती मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली.

समुद्र, घर, कबर, खोबरेल. ऊन कललं. पडद्यावरच्या आकाइतीने श्वास घेतला, आणि ती बोलली. चिठ्ठी, पेटी, एकोणीस दिवस. सगळं होतं. थिएटरात कुजबुज उठली आणि शमली. मग ढोल, गोधडी, रिबिनी. वाका मान वर करून काहीतरी बोलला, मोएरोआ हसली, आणि चित्र तिथेच थांबलं. ढोलही थांबला.

पडद्यावर एक खोली आली. धुलाईखान्याच्या गणवेशात मोएरोआ बसली होती. तिचे केस कापलेले होते, अगदी डोक्यालगत.

"आईचं चिठ्ठीबद्दलचं बोलणं कापू नका, असं मीच यांना सांगितलं," ती म्हणाली. "पण मग हेही ठेवा. ढोलात तुम्हाला ऐकू येत नाही, तो काय म्हणतोय ते. मला आलं होतं. तो म्हणाला, 'मोए, माझं सगळं अंग दुखतंय.' मी म्हटलं, 'नीट बस, फोटो येतोय.'"

तिने कापलेल्या केसांवरून हात फिरवला. कॅमेरा हलला नाही.

"माझं नाव मोएरोआ. मी वाकाची आई आहे."

आकाइती खुर्चीत बसून होती. दिवे लागले, मुलं आरडाओरडा करत बाहेर पडली, पालक तिच्याकडे न बघता गेले. तुताई झाडू घेऊन आला आणि तिच्या रांगेच्या अलीकडेच थांबला. मग आकाइतीने कमरेला खोचलेला फोन काढला आणि नंबर लावला. आमच्याकडे शनिवार असला, तरी ऑकलंड एक दिवस पुढे असतं, तिथे रविवार उजाडला होता. घंटा वाजत राहिली. पलीकडून कुणीतरी फोन उचलला. कुणी काही बोललं नाही, आणि फोनही ठेवला नाही.